अर्धी ओळ

वाक्य कानावर पडलं तेव्हा क्रांतीबाईंच्या हातात साडीची पिन होती. ऑफिसातल्या बायकांच्या टॉयलेटमध्ये, आरशासमोर उभ्या राहून त्या खांद्यावरच्या पदराच्या निऱ्या बसवत होत्या, आणि मागच्या बंद दारापलीकडे कुणीतरी फोनवर बोलत होतं. "तू नको येऊस. माझं काही नाही गं, पण तुलाच उगाच तिथं अवघडल्यासारखं होईल." आवाज हळू होता, मऊ होता. पाठीवरून हात फिरवत फिरवत एखाद्याला दाराबाहेर नेऊन सोडावं, तसा. क्षणभर क्रांतीबाईंना वाटलं, हे आपणच बोललो. आरशातल्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं तर ओठ मिटलेले होते. मग पलीकडून "ठेवते, आई" असं आलं, आणि ती प्राप्ती होती हे कळलं. पिन बोटात शिरली. बोट तोंडात धरून, दाराची कडी वाजायच्या आत त्या बाहेर पडल्या. आपल्याच ऑफिसात चोरासारखं पळायची वेळ त्यांच्यावर यापूर्वी कधी आली नव्हती.

बाहेर व्हरांड्यात मांडव घालणारी माणसं खुर्च्या लावत होती. व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे कंटेनरांच्या रांगा, लाल, निळ्या, गंजलेल्या, एकावर एक चढलेल्या, आणि त्यांच्या मागे बंदराच्या क्रेनांच्या माना. उरणच्या या यार्डात क्रांतीबाई घरत टायपिस्ट म्हणून आल्या तेव्हा इथून थेट खाडी दिसायची. भरतीच्या वेळी टेबलावरचे कागद ओलसर व्हायचे. आता खाडी कुठल्या बाजूला आहे हे नव्या मुलांना विचारलं तर ती मोबाइल काढतात. इतक्या वर्षांत क्रांतीबाई हेड क्लार्क झाल्या, मग असिस्टंट मॅनेजर झाल्या, आणि तिथंच राहिल्या. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं मुंबईच्या ऑफिसात त्यांच्या वर जाऊन बसली. रिटायर व्हायला थोडाच काळ उरला असताना एच.आर.चा स्वप्निल एक दिवस समोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मुंबईला मेंटरिंग प्रोग्रॅम हवाय. जुन्यांनी नव्यांचा हात धरायचा, एकास एक. तुम्ही उभा करून दाखवा. लीडरशिप लीडरशिप म्हणतात ती हीच. चालला तर सगळ्या यार्डांचं ट्रेनिंग तुमच्याकडे." स्वप्निल वाशीचा, चांगला मुलगा, वाक्यागणिक दोनदा हसणारा. क्रांतीबाईंनी उपक्रमाचं नाव ठेवलं 'सोबत'. जोड्या लावल्या. स्वतःसाठी प्राप्ती घेतली. मिठागरवाल्यांच्या वस्तीतली मुलगी, बी.कॉम. झालेली, डोळ्यांत धार असलेली, आणि मीटिंगमध्ये तोंड उघडायची वेळ आली की ओढणीच्या टोकाशी खेळत बसणारी. तिच्यात काय पाहून घेतली हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर क्रांतीबाई म्हणाल्या असत्या, पोटेन्शियल.

आज दुपारी त्या उपक्रमाचा समारोप होता. मुंबईहून डायरेक्टर येणार होते. प्रत्येक मुलामुलीनं घरचं एक माणूस आणावं, आईबापांना आपलं लेकरू काय करतं ते दिसू दे, ही कल्पना क्रांतीबाईंची. स्वप्निलला ती फारच आवडली होती. आणि आता त्यांच्याच हाताखालची ही मुलगी, जिला त्यांनी बसायचं कसं, उठायचं कसं, फोनवर नाही कसं म्हणायचं हे सगळं शिकवलं, ती टॉयलेटच्या दाराआड उभी राहून आईला येऊ नको म्हणत होती. तेही त्यांच्याच शब्दांत. शब्द सोडा, त्यांच्याच श्वासात. 'माझं काही नाही गं' नंतरचा तो छोटासा थांबा, तोसुद्धा त्यांचाच.

केबिनमध्ये येऊन त्या बसल्या. बोटातलं रक्त थांबलं होतं, पण दुखत होतं. वाक्य त्यांनी प्राप्तीला शिकवलं नव्हतं. ते त्यांनी प्राप्तीवर वापरलं होतं. गेटबाहेर ट्रेलरांची रांग हमरस्त्यापर्यंत लागायची, ड्रायव्हर झोपलेला असला की नंबर जायचा, मग मारामाऱ्या. यावर कितीतरी मोठ्या माणसांनी डोकेफोड केली होती. एका दुपारी चहा पिता पिता प्राप्ती म्हणाली होती, "मॅडम, आमच्या मिठागरात सगळं पाणी एकदम वाफ्यात घेत नाहीत. घेतलं तर मीठ धरतच नाही. आधी मोठ्या तळ्यात घेतात, तिथं निवळू देतात, मग थोडं थोडं खाली सोडतात. ट्रेलर पण तसेच आधी खाडीकडच्या रिकाम्या प्लॉटवर घेतले तर? ड्रायव्हर तिथं झोपू देत ना. बोलावलं की चार चार यायचं." बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली होती, काहीतरी गावठी बोलून गेल्यासारखी. क्रांतीबाईंच्या अंगावर तेव्हा शहारा आला होता, हे खरं. आनंदाचा आला होता, हेही खरं. मग मुंबईच्या मीटिंगचा दिवस आला. सकाळी प्राप्ती नवा ड्रेस घालून, केस घट्ट बांधून गाडीपाशी उभी. आणि क्रांतीबाई तिच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "तू नको येऊस. माझं काही नाही गं, पण तिथं सगळे इंग्रजीत फाडफाड बोलतात. तुलाच अवघडल्यासारखं होईल." मीटिंगमध्ये त्यांनी 'आमच्या उपक्रमातून आलेली कल्पना' अशी सुरुवात केली होती. तळ्याची, वाफ्याची उपमाही सांगितली. बोलता बोलता 'आमच्या' कुठं गळून पडलं, आणि 'मला वाटतं' कुठून सुरू झालं, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. किंवा कळलं. एक डायरेक्टर म्हणाले, "तुम्ही इथल्याच ना, मातीतलं ज्ञान आहे." त्या हसल्या. संध्याकाळी प्राप्ती वाट पाहत थांबली होती. "आवडलं का मॅडम त्यांना?" "खूप," त्या म्हणाल्या, आणि मीटिंगमध्ये मिळालेला खाऊचा डबा, न उघडलेला, तिच्या हातात ठेवला. मुलीनं तो दोन्ही हातांनी घेतला. नवी व्यवस्था लागू झाली, रांग हटली, ड्रायव्हर लोक तिला 'घरत मॅडमची सिस्टीम' म्हणायला लागले. प्राप्तीही म्हणायला लागली.

हे त्यांना आजवर टोचलं नव्हतं असं नाही, पण टोचणीवर त्यांनी एक चांगलंसं कापड घातलं होतं. मुलीचं नाव योग्य वेळी पुढे करू. आधी ती तयार होऊ दे. आज त्या दाराआडच्या आवाजानं ते कापड ओढून काढलं. मुलगी तयार झाली होती.

आणि मग खूप जुनं एक घर आठवलं, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही असं त्या कित्येक वर्षं धरून चालल्या होत्या. चुलीपुढं सोनूबाई आत्या जवळा निवडत बसलेली. क्रांतीबाई तेव्हा नुसत्या क्रांती होत्या. बाप लाल बावट्याचा माणूस, म्हणून हे नाव, ज्याला आत्या 'कांती' म्हणायची. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. क्रांतीनं बनवलेला कसलासा तक्ता घेऊन तिचे साहेब वरच्या साहेबांकडे गेले होते, आणि जाताना किती समजुतीनं म्हणाले होते, की तुम्ही नका येऊ बाई, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. "किती सभ्य माणूस," क्रांती आत्याला सांगत होती. आत्यानं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि विचारलं, "अवघडंल कोन गो, तू का त्यो?" क्रांतीला तेव्हा राग आला होता. आत्याला ऑफिसातलं काय कळतं.

आत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात ब्राह्मण येवो न येवो, धवलारीण लागतेच. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या तोंडी. तिनं देवांना नावानं हाका मारल्याशिवाय मांडवात देव येत नाहीत. लहानपणी क्रांती तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. आत्या ओळ म्हणणार, मागच्या बायकांनी ती उचलून पुरी करायची. शिकवणं म्हणून वेगळं काही नव्हतं. फक्त एखाद्या लग्नात, भर मांडवात, आत्या "खाडीपल्याडच्या देवा गो…" एवढं म्हणायची आणि गप्प व्हायची. अर्धी ओळ हवेत सोडून द्यायची. मांडव थांबायचा. नवरीच्या अंगाला हळद लावणारा हात थांबायचा. सगळ्यांचे डोळे आत्यामागच्या परकरातल्या पोरीकडे वळायचे. कुणी बाई पुटपुटायची, म्हातारी विसरली वाटतं. आत्या लोकांना खुशाल तसं वाटू द्यायची. क्रांतीनं चुकीचं काही उचललं तर रागवायची नाही, हसायचीही नाही. "न्हाय गो," एवढंच म्हणायची, आणि तीच अर्धी ओळ पुन्हा म्हणून पुन्हा गप्प बसायची. कितीही वेळ. मांडव खोळंबला तर खोळंबू दे. ते गप्प बसणं किती महाग असतं, धवलारणीनं भर मांडवात विसरल्यासारखं दिसणं म्हणजे काय, हे क्रांतीबाईंना तेव्हा कळलं नव्हतं. आत्ता, या केबिनमध्ये, एसीच्या वाऱ्यात, त्यांचे कान तापले.

त्या उठल्या. कंपनीची गाडी चालवणारा जीवन खाली पेपर वाचत होता. "जीवन, प्राप्तीच्या गावात जायचंय."

"आत्ता? मॅडम, सायब लोक यायचं टायम झालं."

"येतील तोवर आपण येऊ."

"तुमी म्हनता तर जाऊ. पन स्वप्निल सर माझंच डोकं खानार. तुमचं खायाची त्यांची टाप न्हाय."

रस्ता मिठागरांमधून जात होता. मिठागरं म्हणजे आता डाव्या हाताला उरलेले थोडे पाण्याचे चौकोन. उजवीकडे भराव, आणि भरावावर कुठल्या कुठल्या प्रकल्पांच्या पाट्या. क्रांतीबाईंनी मनात वाक्यं जुळवली. प्राप्तीच्या आईला म्हणायचं, मी स्वतः न्यायला आलेय. मग आई येईल, पहिल्या रांगेत बसेल, आणि सगळं सुरळीत होईल. जुळवता जुळवताच त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्यही गुळगुळीत आहे. त्यातही कुणालातरी दंडाला धरून कुठंतरी नेऊन ठेवायचंच आहे.

प्राप्तीची आई, मनुबाई, अंगणात सुकट पालथी घालत होती. गाडी पाहून तिनं हात लुगड्याला पुसले. "आमची पोर बरी हाय ना?" हेच पहिलं.

"बरी आहे, बरी आहे. मी तुम्हाला न्यायला आले. आज कार्यक्रम आहे ना तिचा."

मनुबाई सैल झाली, हसली. "ते व्हय. न्हाय, मी न्हाय यायची. तिनं मगाशीच फोन केलता. काय ग्वाड बोलली म्हनून सांगू. पहिली असती तर म्हनली असती, तू नको येव, तुला काय कळत न्हाय. आज म्हनते, आई, तुला अवघडल्यासारखं होईल." मनुबाईनं ते शब्द जपून, एकेक करून उच्चारले, पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखे. "मना इतकं बरं वाटलं. आईला काय वाटंल याचा इचार करते आता. समदं तुमचं शिकवनं, मॅडम. शेजारनीला पन सांगितलं मी."

क्रांतीबाईंना काहीतरी म्हणायचं होतं. ओसरीवर मिठाची गोणी होती, तिच्या तोंडाशी मीठ पाझरून घट्ट झालं होतं. त्या तिकडे पाहत राहिल्या. "चला ना," एवढंच त्या म्हणाल्या, "मला बरं वाटेल."

"तुमाला वाटंल, पन पोरीनं नको म्हटलंय. तिचं मन मोडून कसं येऊ?" मग मनुबाईनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तुमी सोनूबाईची भाची ना? तरीच. माज्या लग्नात तिनंच धवले म्हटलेले. आमच्या सासूला म्हनली, नवरीला आधी जेवाया घाला, मंग मी त्वांड उघडीन. तशी बाई न्हाय झाली." आणि ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली ती ताट घेऊन. तांदूळ, नारळ, खण, हळदीकुंकू. "लगीन उरकलं का धवलारणीची ओटी भरल्याबिगर सोडत न्हाईत. तुमी आमच्या पोरीला मांडवात उभी केली. पदर करा पुढं."

"अहो नको. खरंच नको. हे मला…"

"पदर करा म्हटलं. घरी आलेली बाई रित्या हातानं पाठवू व्हय?"

पदर खांद्याला पिनेनं जखडलेला होता. पिन निघेना. मघाचं दुखरं बोट कामच करेना. शेवटी मनुबाईनंच ताट खाली ठेवून, जवळ येऊन, खाऱ्या हातांनी ती पिन काढली आणि आपल्या बांगडीत अडकवून ठेवली. सकाळपासून बसवलेल्या निऱ्या सुटल्या. क्रांतीबाईंनी पदर पसरला. मूठ मूठ तांदूळ त्यात पडले, त्यावर नारळ, त्यावर खण. सगळं मिळून जेमतेम एका हाताचं ओझं, पण मान वर होईना. कुंकू लावताना मनुबाईचा अंगठा कपाळाला टेकला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. चोरलेल्या वस्तूबद्दल मालकिणीनंच ओवाळावं, तसं काहीतरी होत होतं, आणि ते थांबवायचं कसं हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. सांगून टाकावं, असं एकदा अगदी ओठावर आलं. तुमच्या पोरीची वस्तू मी घेतलीय. पण सांगितलं असतं तर या बाईच्या तोंडावरचा तो आनंद गेला असता, आणि तो घालवायचा हक्कही आपल्याला आहे की नाही, हे कळेना.

गाडीत जीवननं आरशातून पाहिलं आणि गाडी वळवली. ओटीचा नारळ वळणावर मांडीवर लवंडत होता. त्यांनी तो धरून ठेवला.

डायरेक्टर आले होते. स्वप्निल व्हरांड्याच्या टोकाशी येरझाऱ्या घालत होता. "मॅडम, कुठं होता? माझा बीपी तपासा. आणि हा पदर…"

"असू दे," क्रांतीबाई म्हणाल्या. ओटी त्यांनी कमरेशी खोचून घेतली, आत्या घ्यायची तशी. "स्वप्निल, ती गेटची सिस्टीम माझी नाही. प्राप्तीची आहे. पहिल्यापासून तिची."

स्वप्निल हसला, मग दुसऱ्यांदा हसला. "हीच तर लीडरशिप, मॅडम. ज्युनियरला क्रेडिट देणं. हे बोला ना स्टेजवर, भारी इम्प्रेशन पडेल." आणि तो डायरेक्टरांकडे पळाला.

म्हणजे हीही वाट बंद. खरं बोललं तरी ते आपल्याच ताटात पडणार होतं. क्रांतीबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मुलंमुली घरच्या माणसांना घेऊन बसली होती. कुणाचे वडील टोपी मांडीवर ठेवून, कुणाची आजी समोश्याचा पुडा तसाच पिशवीत घालत. प्राप्ती एकटी होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिनं पर्स ठेवली होती. क्रांतीबाई उठून तिच्याजवळ गेल्या. "आज तू बोल. आधी तूच. गेटचं सगळं, तुझ्या डोक्यात आलं तसं."

प्राप्तीनं वर पाहिलं. त्यांचा सुटलेला पदर, कपाळावरचं कुंकू, खणाचं डोकावणारं टोक. कुठलं घर, हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम मऊ, नीटनेटका. "नको मॅडम," ती म्हणाली, "तुम्हीच बोला. माझं काही नाही, पण तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल."

यात टोमणा होता का, हे क्रांतीबाईंनी त्या चेहऱ्यात शोधलं. नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. माइकपाशी जाईपर्यंत कमरेची ओटी सांभाळावी लागत होती. तांदळाचे काही दाणे वाटेत सांडले. समोर मांडव होता. ऑफिसचा का असेना, मांडवच. त्यांनी तोंड उघडलं. "गेटवरची ही नवी व्यवस्था सुचवली…" आणि त्या गप्प झाल्या.

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. डायरेक्टरांनी मान तिरकी केली. स्वप्निलनं आधी हसून पाहिलं, मग भुवया उंचावून त्यांच्यासमोरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, विसरल्या वाटतं. दुसरं कुणी हळूच हसलं. इतक्या वर्षांत एकदाही मीटिंगमध्ये अडखळली नाही अशी बाई तोंड उघडं ठेवून उभी होती, पदर सुटलेला, कपाळ भरलेलं, आणि सगळं यार्ड बघत होतं. घाम मानेवरून पाठीत उतरला. कानशिलं जळत होती. हे असं असतं, आत्या. क्रांतीबाई प्राप्तीकडे पाहत राहिल्या.

मुलगी खुर्चीत चुळबुळली. आपल्या मॅडमची फजिती तिला बघवेना. ती उठलीच, आणि शिकवल्याप्रमाणे स्पष्ट, ताठ, गोड आवाजात तिनं ओळ पुरी केली, "…घरत मॅडमनी."

सुटल्यासारखे लोक हसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. डायरेक्टरही वाजवत होते. स्वप्निलनं कपाळावरचा घाम पुसला. सगळ्यांना वाटलं, असंच ठरलेलं होतं, काय सुंदर ठरवलं होतं. टाळ्या संपेपर्यंत क्रांतीबाई थांबल्या. मग त्या माइकजवळ वाकल्या, आणि या ऑफिसात टायपिस्ट म्हणून पाऊल टाकल्यापासून जो आवाज त्यांनी गेटबाहेर ठेवला होता, तो त्यांच्या तोंडातून आला.

"न्हाय गो," त्या म्हणाल्या.

प्राप्तीनं मान वर केली, ते त्यांनी पाहिलं. सभा पुन्हा गप्प झाली, या वेळी वेगळी. क्रांतीबाईंनी एक हात ओटीखाली धरला.

"गेटवरची ही नवी व्यवस्था सुचवली…"

आणि त्या पुन्हा गप्प बसल्या. मांडव खोळंबला होता. खोळंबू दे.